विषाचे पाठभेद

मराठीत 'विष' हा शब्द बहुधा एकवचनातच वावरतो. विष चढते, विष भिनते, विष उतरते. कुणी ते पितो, कुणी पचवतो, कुणाच्या जिभेवरच ते असते. 'विषे' हे अनेकवचन व्याकरणाला मान्य असले तरी बोलण्यात सहसा येत नाही. शिवाय पोटात गेलेले विष आणि दातांतून अंगात शिरलेले विष यांत आपली भाषा भेद करीत नाही. इंग्रजीने या दोहोंसाठी वेगळे शब्द राखले आहेत. आपल्याकडे सोमल, बचनाग आणि नागाच्या दातातला थेंब ही सारी एकाच शब्दाच्या छपराखाली नांदतात. 'गरळ' हा शब्द होता खरा, पण तो आता फक्त ओकण्यापुरता उरला आहे, आणि तोही माणसांनीच.

हे सारे मनात येण्याचे निमित्त एक तक्ता ठरला. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना विज्ञान दिनाचे व्याख्यान मराठीतून द्यायचे होते. "मॅडम, एवढं मराठीत करून द्या. मुलं खेड्यांतली आहेत, साप त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहेत," असे म्हणत त्यांनी दोन पाने पुढे केली. तक्ता रॅटलस्नेकच्या विषांतील विकरांचा होता. वरच्या ओळीत जातींची नावे, डाव्या रकान्यात विकरांची, आणि मधल्या चौकटींत अधिक-उण्याची चिन्हे. नाग-घोणस सोडून हे परदेशी साप कशाला, असे मी विचारले. एकाच कुळातल्या इतक्या जातींची विषे शेजारी शेजारी ठेवून इतक्या बारकाईने फार थोड्या सापांच्या बाबतीत तपासली गेली आहेत, असे त्यांचे उत्तर होते. तौलनिक साहित्याचा पेपर शिकवणाऱ्या व्यक्तीला एवढे आमिष पुरे होते.

रॅटलस्नेक म्हणजे आपल्या मराठी पुस्तकांतला खुळखुळ्या साप. हा फक्त अमेरिका खंडांत सापडतो. कॅनडाच्या दक्षिण टोकापासून अर्जेंटिनापर्यंत त्याच्या तीसहून अधिक जाती पसरलेल्या आहेत. शेपटीच्या टोकाला कात टाकताना राहिलेल्या कडक खवल्यांची माळ असते, ती हलवून तो इशारा देतो. विष मात्र या सर्वांचे एक नाही, आणि खरे तर एकाही सापाचे विष 'एक' नसते. ते अनेक प्रथिनांचे मिश्रण असते आणि त्यांतील बरीचशी विकरे असतात. 'विकर' हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांना शाळेत पचनाच्या धड्यात भेटतो; लाळेत, जठरात, आतड्यात. सापाच्या विषग्रंथी वरच्या जबड्यात डोळ्यांच्या मागे असतात आणि तेथली विकरेही तोडण्या-फोडण्याचेच काम करतात. फरक इतकाच, की ते काम दुसऱ्याच्या शरीरात चालते. या विकरांमुळे भक्ष्याचे पचन आतूनच सुरू होते असे पूर्वी मानले जाई. नंतरच्या प्रयोगांनी त्या कल्पनेला फारसा आधार दिलेला नाही.

तक्त्याच्या डाव्या रकान्यात पहिले नाव होते मेटॅलोप्रोटिनेजचे. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणारे प्रथिनांचे अस्तर ते कुरतडते. भिंत ढिली झाली की रक्त ऊतींमध्ये झिरपू लागते. सेरीन प्रोटिनेज रक्त गोठण्याच्या यंत्रणेत हात घालते. फॉस्फोलिपेज ए-२ पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांवर चालून जाते. हायल्युरोनिडेज पेशींमधला चिकट सांधा सैल करून बाकीच्यांना वाट करून देते. एल-अमिनो आम्ल ऑक्सिडेज हे नाव लिहिताना दमछाक झाली, पण विषाला त्याचा पिवळा रंग येतो तो याच्यामुळे. त्यात फ्लॅविन असते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीचा पिवळेपणाही त्याच घराण्यातला. ज्या सापाच्या विषात हे विकर नसते त्याचे विष पाण्यासारखे दिसते. म्हणजे दोन थेंब शेजारी ठेवले तर निदान एका विकराची तुलना साध्या डोळ्यांनीही होऊ शकते.

आता रकान्यांतून आडवे जाऊ. पश्चिमी डायमंडबॅकच्या विषात मेटॅलोप्रोटिनेज भरपूर. दक्षिण अमेरिकेतल्या क्रोटॅलस ड्युरिससच्या विषात ते अत्यल्प. पहिल्याच्या दंशाने अवयव सुजतो, काळानिळा पडतो, रक्तस्राव होतो. दुसऱ्याच्या दंशाची जागा कित्येकदा फारशी सुजतही नाही, पण पापण्या जड होऊन मिटू लागतात, स्नायू दुबळे होतात. नॉर्दर्न कोलोराडो विद्यापीठातील स्टीफन मॅकेसी यांनी अनेक जातींची विषे तपासून त्यांची ढोबळ दोन गटांत विभागणी केली : मेटॅलोप्रोटिनेज जास्त पण मारकता तुलनेने कमी असा एक, आणि मेटॅलोप्रोटिनेज कमी पण थेंबागणिक मारकता कितीतरी जास्त असा दुसरा. दोन्ही गुण एकाच विषात पुरेपूर असणे विरळा. असे का, याची उत्तरे अनेक दिली जातात. मला ती सगळी सारखीच पटली नाहीत, पण विभागणी मात्र स्पष्ट दिसते.

चिन्हांच्या तक्त्याची मर्यादाही येथेच कळली. फॉस्फोलिपेज ए-२ च्या ओळीत पश्चिमी डायमंडबॅकपुढे अधिकाचे चिन्ह होते आणि ड्युरिससपुढेही अधिकाचेच. विकर एकाच नावाचे, मूळ रासायनिक क्रियाही तीच. परंतु एकीकडे ते ऊतींची नासधूस करते आणि दुसरीकडे चेतातंतूच्या टोकाशी जाऊन स्नायूला मिळणारा संदेश अडवते. याचा उलगडा १९३८ साली ब्राझीलमध्ये सुरू झाला. जर्मनी सोडून साओ पावलोच्या बुतांतान संस्थेत आलेले कार्ल स्लोटा आणि त्यांचे सहकारी हाइन्झ फ्रेन्केल-कोनराट यांनी ड्युरिससच्या विषातून 'क्रोटॉक्सिन' स्फटिकरूपात वेगळे केले. सर्पविषातील घातक द्रव्य असे शुद्ध स्फटिकरूपात प्रथमच हाती आले होते. पुढे दिसून आले, की क्रोटॉक्सिन हे जोडपे आहे. त्यातला एक घटक फॉस्फोलिपेज ए-२ आहे, पण एकटा असता त्याची मारकता बेताचीच. दुसऱ्या घटकात तर विकराचा गुणच नाही. दोघे एकत्र आले की मात्र मारकता अनेक पटींनी वाढते, कारण दुसरा पहिल्याला इतरत्र भरकटू न देता चेतातंतूच्या टोकापर्यंत पोहोचवतो आणि तेथे सोडून देतो. विकरांची तुलना करणाऱ्या तक्त्यात या सोबत्याला जागाच नव्हती, कारण तो विकर नाही. सहकाऱ्यांना मी एक तळटीप घालायला सांगितली.

वयाचा रकानाही त्या तक्त्यात नव्हता. आपल्याकडे म्हण आहे, साप म्हणू नये धाकला. (नवऱ्याचा उल्लेख असलेला तिचा उत्तरार्ध येथे अप्रस्तुत.) उत्तर पॅसिफिक रॅटलस्नेकच्या बाबतीत १९८८ साली मॅकेसी यांनी दाखवले, की पिल्लांच्या विषात प्रथिने तोडणाऱ्या विकरांचे प्रमाण कमी आणि थेंबागणिक मारकता जास्त असते. साप मोठा होतो तसे हे पालटते. पिल्ले सरड्यांवर जगतात, मोठे साप उंदीर-खारींवर. आहार बदलतो तसे विषही बदलते. मात्र मोठा साप सोडतो त्या विषाचे प्रमाण इतके अधिक असते, की एकूण धोका त्याच्याकडूनच जास्त. म्हण अर्धी खरी ठरली, आणि म्हणीच्या मानाने ते काही कमी नाही.

भक्ष्यही गप्प बसत नाही. कॅलिफोर्नियातील जमिनीवर राहणाऱ्या खारींच्या रक्तात या सापाच्या मेटॅलोप्रोटिनेजला बांधून निकामी करणारी द्रव्ये आढळली आहेत. गावोगावच्या खारींची प्रतिकारशक्ती वेगळी आणि गावोगावच्या सापांचे विषही वेगळे.

हा 'गावोगाव' शब्द मी सहज लिहिला, पण तक्त्यातली खरी अडचण तीच होती. मोहावी रॅटलस्नेक हे नाव वरच्या ओळीत दोनदा आले होते. टंकलेखनाची चूक समजून मी विचारले, तर ती चूक नव्हती. १९७८ साली जेम्स ग्लेन आणि रिचर्ड स्ट्रेट यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या मोहावी सापांची विषे तपासली, तेव्हा त्यांच्या मारकतेत दहापटीहून अधिक अंतर निघाले. बहुतेक प्रदेशांतील मोहावीच्या विषात क्रोटॉक्सिनचे सख्खे भावंड असलेले 'मोहावी टॉक्सिन' असते आणि मेटॅलोप्रोटिनेज जवळपास नसते. याला 'अ' विष म्हणतात. पण ॲरिझोनात फीनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या दरम्यान राहणाऱ्या मोहावीच्या विषात ते टॉक्सिन नाही, मेटॅलोप्रोटिनेज मात्र भरपूर; हे 'ब' विष. दोन प्रदेशांच्या सीमेवर दोन्ही बाळगणारे सापही भेटतात. अंगावरची नक्षी तीच, शेपटीवरचे पट्टे तेच. साप पाहून त्याच्या दातात 'अ' आहे की 'ब', हे सांगता येत नाही.

येथे मला मराठीतला एक शब्द नीट लिहिता येईना. शास्त्राच्या मराठीत 'स्पीशीज'ला 'जाती' म्हणतात, आणि बोलण्यात त्याची 'जात' होते : सापाची जात, आंब्याची जात. जो गुण जन्मानेच ठरलेला आहे असे आपण मानतो, त्याला आपण 'जात्याच' असे क्रियाविशेषण लावतो. जात्याच हुशार, जात्याच आळशी, जात्याच विषारी. नाव कळले की आतले कळले, हा विश्वास या शब्दाच्या पोटात बसलेला आहे, आणि आपल्या समाजाने त्या विश्वासाचे काय केले हे साहित्याच्या वर्गात वेगळे सांगावे लागत नाही. मोहावीचे दोन प्रकार ही वेगळ्या जातीच्या उंबरठ्यावरची वेगळी कुळे असतील, असे मला प्रथम वाटले होते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासाने तेही नाकारले. या सापांच्या वस्त्यांमध्ये जनुकांची देवाणघेवाण भरपूर आहे, त्यांच्या विषातला फरक ना वंशावळीने उलगडतो ना आहाराने. तो जुळतो भोवतालच्या परिस्थितीशी, हवामानाशी. विद्यार्थ्यांसाठी मी 'मोहावीच्या दोन जाती' असे न लिहिता 'दोन ठिकाणचा मोहावी' असे लिहिले. लांबले, पण खोटे नाही.

तक्त्याचे दुसरे पान २०१६ च्या एका संशोधनावर होते, आणि ते वाचताना मला भांडारकर संस्थेची आठवण झाली. तेथे १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. डॉ. सुकथनकरांनी हस्तलिखिते शेजारी शेजारी ठेवून कोणता पाठ मूळचा आणि कोणता मागाहून शिरलेला, हे ठरवण्याची शिस्त घालून दिली. त्या शिस्तीचा सर्वसाधारण कल आखूड पाठाकडे झुकतो, कारण ग्रंथ तोंडातोंडी आणि हातोहाती जाताना वाढतो. आपले अभंगांचे गाथेही त्याला अपवाद नाहीत. रॅटलस्नेकच्या फॉस्फोलिपेज ए-२ च्या जनुकांची अशीच तुलना नोआ डॉवेल, शॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. निष्कर्ष उलटा निघाला. चेतातंतूंवर काम करणारे जनुक रॅटलस्नेकच्या आदिम पूर्वजापाशी आधीच होते. मोहावीने ते राखले. पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या डायमंडबॅकच्या वंशांतून ते गळाले, आणि तेही एकदाच नव्हे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तुकड्यांनी. येथे भरघोस पाठ जुना आणि आखूड पाठ नवा. डायमंडबॅकचे विष 'वेगळे' झाले ते नवे काही मिळवून नव्हे, तर जुने टाकून. प्रक्षेप शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना गळती दिसायला वेळ लागतो.

हे सगळे वाचत असताना माझ्या मनात एक साप सारखा येत होता, आणि तो अमेरिकेतला नव्हता. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. मी चौथीत असताना आत्याला गडग्याचा दगड उचलताना फुरसे चावले. फुरसे जेमतेम वीतभर-हातभर. रॅटलस्नेकसारखी शेपटीची माळ त्याच्याकडे नाही, पण अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खवल्यांचा खर्रर्र असा आवाज करते. आत्याने तो ऐकला नाही, कारण शेजारी गिरण चालू होती. तालुक्याच्या दवाखान्यात तिला लस दिली. पायाची सूज बेताची होती, ती बोलत होती, चहा मागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि सुई टोचलेली जागा थांबेना. घरातले सगळे एकच वाक्य म्हणत होते : विष उतरलं नाही अजून. कुणीतरी उतरवणाऱ्यालाही बोलावणे धाडले होते. आजोबांनी त्याला दारातूनच परत पाठवले. पुन्हा लस दिली गेली आणि तिसऱ्या दिवशी रक्त थांबले. आत्या त्यानंतर तीस वर्षे जगली.

तक्त्याच्या निमित्ताने त्या हिरड्यांचा अर्थ मला कळला. फुरशाच्या विषात 'इकॅरिन' नावाचे विकर असते. तेही मेटॅलोप्रोटिनेजच, रॅटलस्नेकच्या विकराचे दूरचे नातलग. पण ते रक्तातील प्रोथ्रॉम्बिनला चेतवते. त्यापासून थ्रॉम्बिन बनते, जागोजागी सूक्ष्म गुठळ्या होतात, आणि त्यांत रक्त गोठवणारी द्रव्ये खर्ची पडतात. मग रक्त गोठतच नाही. पूर्वेकडच्या डायमंडबॅकच्या विषात 'क्रोटॅलेज' नावाचे सेरीन प्रोटिनेज असते. ते प्रोथ्रॉम्बिनच्या वाटेला न जाता थेट फायब्रिनोजेन खर्ची घालते. विकराचे घराणे वेगळे, वाट वेगळी, शेवट तोच : काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनीही पातळच राहते. आपल्या ग्रामीण दवाखान्यांत आजही ही नळीची चाचणीच सर्वांत भरवशाची आहे. आणि लस विकराला रोखते, पण खर्ची पडलेली द्रव्ये ती परत देत नाही. ती यकृताने नव्याने बनवावी लागतात, त्याला काही तास लागतात. 'विष उतरणे' या क्रियापदात या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या आहेत. घरातली माणसे वाट पाहत असतात ती दुसरीची, आणि रागावतात पहिलीवर.

लसीचा इतिहासही शेवटी तुलनेचाच आहे. फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात नागाचे विष वापरून लस बनवली आणि ती सर्वच सापांवर चालेल असा त्यांचा विश्वास होता. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझील यांनी ती तेथल्या सापांवर वापरून पाहिली. रॅटलस्नेकच्या विषापुढे ती निष्प्रभ ठरली. ज्याचे विष त्याची लस, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच धड्याची पुढची पायरी अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेल्या 'क्रोफॅब' या औषधात दिसते. ते चार सापांच्या विषांपासून तयार होते. दोन डायमंडबॅक, पाणथळीतला कॉटनमाउथ आणि मोहावी; आणि मोहावीसुद्धा मुद्दाम 'अ' विषाचा.

आपली लसही चार सापांची : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. हाफकिनमुळे ती महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली. परंतु देशभरातल्या लसीसाठी लागणारे विष मुख्यतः एकाच ठिकाणाहून येत आले आहे, तमिळनाडूतील इरुळा लोकांच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून. या लोकांच्या कसबाविषयी शंका नाही. आपल्याकडे लाखो माणसे जगली ती त्यांच्या हातांमुळे. प्रश्न सापांच्या पत्त्याचा आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या प्रांतांतील सापांची विषे तपासत आहेत. प्रांत बदलला की विषातील घटकांचे प्रमाण बदलते आणि प्रचलित लस काही ठिकाणी तोकडी पडते, असे त्यांच्या कामातून दिसले आहे. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात राजस्थानकडच्या वाळवंटी फुरशाचाही समावेश होता. आपल्या कोकणातल्या फुरशाहून तो आकाराने मोठा, त्याच जातीतला, आणि त्याच्या विषाला ही लस पुरेशी आवर घालू शकत नाही. तिकडचे डॉक्टर कुप्यांवर कुप्या रिकाम्या करतात आणि नळीतले रक्त गोठण्याची वाट पाहतात.